देशावरून माणूस जोखणे: अमेरिकेचे स्थलांतर धोरण आणि नेत्यांची भाषा

पैलतीर (न्यू जर्सी) – धागालेखन

९ डिसेंबर २०२५ रोजी पेनसिल्व्हेनियातील माउंट पोकोनो येथील सभेत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी इतकी वर्षे नाकारलेली एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने मान्य केली. जानेवारी २०१८ मध्ये ओव्हल ऑफिसमधील बैठकीत हैती, एल साल्वादोर आणि आफ्रिकेतील देशांविषयी त्यांनी विष्ठेच्या खड्ड्याची उपमा देणारा जो शिवराळ शब्द वापरल्याचे वृत्त 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिले होते, तो आपण वापरला होता, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. नॉर्वे आणि स्वीडनमधून माणसे का आणत नाही, सोमालियासारख्या ठिकाणांहूनच का आणतो, हा प्रश्नही त्यांनी पुन्हा विचारला. त्याच्या आठवडाभर आधी मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते सोमाली स्थलांतरितांना 'कचरा' म्हणाले होते.

यावर आमच्या भागातील मराठी मंडळींच्या गटांवर जी चर्चा झाली, तिने मी अस्वस्थ झाले आहे. 'जीभ सैल आहे, पण मुद्दा बरोबर आहे' असे काहींचे म्हणणे होते, तर 'आपला देश त्या यादीत नाही, मग आपण कशाला मनाला लावून घ्यायचे' असे बाकीच्यांचे. माझ्या मते त्या शब्दामागे एक धोरण उभे आहे. माणसाला आत घ्यायचे की नाही, हे तो काय करतो, काय शिकला आहे, त्याच्यावर कोणती वेळ आली आहे हे पाहून न ठरवता, तो कुठल्या देशात जन्मला यावरून ठरवायचे, असे ते धोरण आहे. अमेरिकेने ते एकदा चाळीस वर्षांहून अधिक काळ राबवले आणि त्या काळात आपल्याला दारातही उभे केले नव्हते.

आधी २०१८ च्या त्या बैठकीचा विषय पाहू. लहानपणी आईवडिलांबरोबर कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्या तरुणांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी 'डाका' योजना बराक ओबामा यांनी २०१२ मध्ये सुरू केली होती. ट्रम्प प्रशासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये ती गुंडाळण्याचे जाहीर केल्यावर जवळपास ७ लाख तरुणांचे भवितव्य टांगणीला लागले. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर डिक डर्बिन आणि रिपब्लिकन पक्षाचे लिंडसे ग्रॅहम एक तडजोड घेऊन ११ जानेवारीला बैठकीला आले होते. सोडतीने दिले जाणारे, वर्षाला ५० हजारांपर्यंतचे व्हिसा बंद करावेत आणि त्यांपैकी काही, भूकंपासारख्या आपत्तीमुळे तात्पुरत्या संरक्षणाखाली अमेरिकेत राहणाऱ्यांना द्यावेत, असा तिचा एक भाग होता. एल साल्वादोरच्या सुमारे २ लाख लोकांचे हे संरक्षण काढून घेत असल्याची घोषणा तीनच दिवसांपूर्वी झाली होती, आणि हैतीच्या लोकांचे संरक्षण त्याआधीच नोव्हेंबरमध्ये संपवण्याचे ठरले होते. म्हणजे ज्यांच्यावरून तो शब्द उच्चारला गेला, ती माणसे अमेरिकेतच वर्षानुवर्षे राहत होती, घरे बांधण्याच्या कामावर आणि रुग्णालयांत राबत होती आणि त्यांच्यापैकी अनेकांची मुले जन्माने अमेरिकेची नागरिक होती. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग आदल्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये येऊन गेल्या होत्या, त्यामुळे बैठकीत 'नॉर्वेचे लोक आणा' म्हणताना ते नाव ओठांवर असावे.

मात्र नॉर्वेला झुकते माप देण्याची कल्पना फार जुनी आहे. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने युरोपातील प्रत्येक देशाला कोटा नेमून दिला आणि तो मोजताना मुद्दाम १८९० ची जनगणना धरली, कारण तोवर इटली, ग्रीस, पोलंड येथून फारसे लोक आलेले नव्हते. परिणामी नॉर्वेच्या वाट्याला वर्षाला ६ हजारांहून अधिक जागा आल्या, तर त्याच्या कितीतरी पट लोकसंख्येच्या इटलीला ४ हजारांहून कमी आणि ग्रीसला जेमतेम १००. आणि हे नॉर्वेचे लोक कोण होते? १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन माणसे उत्तर अमेरिकेत आली, ती डोंगरातल्या तुटपुंज्या जमिनीवर पोट भरत नाही म्हणून आली. आज त्यांचा देश श्रीमंत झाल्यामुळे तिथून फारसे कोणी येत नाही.

हिंदुस्थानातून येणाऱ्यांवर १९१७ च्या कायद्यानेच बंदी आली होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' ठरत नाही म्हणून नागरिकत्वास अपात्र आहे, असा निकाल दिला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तेही त्यांच्या कामी आले नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, अशा अनेक हिंदी लोकांचे ते काढून घेण्यात आले. १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला १०० जणांपुरते. शेवटी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि वंश व मूळ देश यांवर आधारलेली ती कोटापद्धत मोडीत निघाली. मुंबई-पुण्याचे डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. आज इथे दिसणारे आपले गणेशोत्सव, मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने त्या कायद्यामुळे शक्य झाली. आपली गुणवत्ता १९६४ मध्येही तेवढीच होती.

देश वाईट अवस्थेत आहे, हे म्हणणे खोटे नसते. हैतीची अवस्था खरोखरच बिकट आहे आणि हुकूमशहा डुव्हालिए बापलेकांनी १९५७ ते १९८६ या काळात त्या देशाचे जे केले, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलेल्या या देशावर फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँकची 'भरपाई' लादली, ती गुलाम हातातून गेल्याबद्दल मालकांना द्यायची होती. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आणली गेली, तरी त्यासाठी काढलेल्या कर्जाचा फेरा १९४७ पर्यंत सुटला नाही. मध्येच १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे तिथे अमेरिकेचे सैन्य ठाण मांडून होते. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ चाललेल्या यादवीत तिथल्या लष्कराला पैसा आणि प्रशिक्षण अमेरिकेने पुरवले. ज्या 'एमएस-१३' टोळीचे नाव घेऊन त्या देशाला बदनाम केले जाते, ती टोळी लॉस एंजेलिसमध्ये उभी राहिली आणि हद्दपारीच्या विमानांतून तिकडे गेली. एखाद्या देशाला नावे ठेवणाऱ्याने त्या देशाच्या खात्यावर आपल्या नावाची बाकी किती आहे, हे पाहिले पाहिजे.

माझ्या ग्रीन कार्डाच्या वेळी बोटांचे ठसे द्यायला मी गेले होते, तेव्हा शेजारी घानाच्या एक बाई बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर सारखीच प्लास्टिकची जाड फाइल होती. माझ्या फाइलमध्ये आमच्या नगरपालिकेचा जन्मदाखला होता, त्यावर 'बाळाचे नाव' या रकान्यात नुसती रेघ होती, म्हणून सोबत आईचे आणि मामाचे अशी दोन प्रतिज्ञापत्रे लाल शिक्क्यांसह जोडलेली होती. त्यांच्या जन्माची नोंद उशिरा झालेली होती, म्हणून त्यांच्याकडे मावशीचे प्रतिज्ञापत्र होते. आम्ही एकमेकींचे कागद बराच वेळ पाहत बसलो. त्यांच्या मावशीला आणि माझ्या मामाला एकच गोष्ट शपथेवर सांगावी लागली होती, की ही मुलगी खरोखर जन्मली आहे. त्या बाई शुश्रूषेचे काम करत होत्या आणि अध्यक्षांच्या त्या यादीत त्यांचा देश येतो.

कठोर स्थलांतर धोरण आणि अशी भाषा या गोष्टी वेगळ्या करता येतात का, यावर सभासदांनी मनमोकळेपणे लिहावे. विरोधी मत असल्यास अवश्य लिहावे.

सरळमार्गी (डॅलस)

पैलतीर ताई, इतिहास आपण नीट मांडला आहे आणि तो शब्द अध्यक्षांच्या तोंडी शोभत नाही, याबद्दल दुमत नाही. तरीही मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण अशा प्रत्येक चर्चेत भाषेचा निषेध इतका मोठा होतो की मूळ प्रश्न बाजूला पडतो.

आपल्या देशात कोणाला आणि किती जणांना घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर अडवल्या गेलेल्यांच्या नोंदी सुमारे २५ लाख होत्या. त्या वेळी न्यूयॉर्कचे महापौर एरिक ॲडम्स, जे स्वतः डेमोक्रॅट होते, या ओझ्याने शहर उद्ध्वस्त होईल, असे जाहीरपणे म्हणाले. निवारागृहे भरली, शाळांवर ताण आला, हे घडलेले आहे. सामान्य मतदाराने यावर राग व्यक्त केला की त्याला वंशद्वेष्टा ठरवले जाते, मग तो ज्याच्या जिभेला हाड नाही अशा नेत्याकडे वळतो, कारण निदान हा आपला प्रश्न ऐकतो तरी, असे त्याला वाटते. या रागाची जबाबदारी इतकी वर्षे प्रश्न टाळणाऱ्यांवरही आहे.

मी २०१२ पासून इथे कायद्याने राहतो, कर भरतो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ती एकवीस वर्षांची झाली की माझ्या अर्जातून तिचे नाव गळेल. जे रांग मोडून आले त्यांच्यासाठी मोर्चे निघतात, तिच्यासाठी कोणी निघत नाही. गुणांवर आधारलेली पद्धत आली तर आपल्यासारख्यांचा फायदाच होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पैलतीर

सरळमार्गी, तुमच्या मुलीचा प्रश्न खरा आहे आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. आधी गुणपद्धतीविषयी.

कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धत आणली ती नेमकी मूळ देश पाहण्याची पद्धत सोडून देण्यासाठीच. तिथे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण मिळतात, देशाला मिळत नाहीत. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये ज्या विधेयकाला ट्रम्प यांनी पाठिंबा दिला, त्यातही वय, इंग्रजी, शिक्षण आणि पगार यांसारख्या गोष्टींनाच गुण होते. ते विधेयक आणणारे टॉम कॉटन आणि डेव्हिड पर्ड्यू हे दोघे सिनेटर जानेवारीच्या त्या बैठकीला हजर होते आणि नंतर तो शब्द उच्चारला गेलाच नाही, असे सांगणारेही तेच होते. गुणवत्ता पाहणारे विधेयक समोर तयार असताना बैठकीतली मागणी मात्र 'अभियंते आणा' अशी नव्हती, 'नॉर्वेचे लोक आणा' अशी होती. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के पदवीधर आहेत आणि हे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा जास्त आहे. निकष गुणवत्ता असता तर त्यांच्या नावाने असे बोलण्याचे कारणच नव्हते.

आणखी एक. त्या विधेयकाने कायदेशीर स्थलांतरही दहा वर्षांत निम्म्यावर आणायचे होते आणि नागरिक झालेल्या मुलांना आपल्या आईवडिलांना कायमचे इकडे आणण्याचा जो हक्क आहे, तो काढून घ्यायचा होता. आपल्यापैकी किती घरांत सासूबाई किंवा वडील त्याच मार्गाने आलेले आहेत, हे प्रत्येकाने आठवावे.

ओहायोवासी

शब्दांनी काय होते ते आम्ही जवळून पाहिले. १० सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीच्या वादसभेत आमच्या राज्यातील स्प्रिंगफील्डमधील हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरे खातात, असे ट्रम्प म्हणाले. कामानिमित्त माझे त्या गावी नेहमी जाणे असते. साठेक हजार वस्तीच्या त्या गावात काही वर्षांत १२ ते १५ हजार हैतीचे लोक कारखान्यांत आणि गोदामांत कामाला आले. घरभाडी वाढली, दवाखान्यांत रांगा लागल्या, शाळांना दुभाषे मिळेनात, हे सगळे खरे आहे आणि मूळच्या रहिवाशांची तक्रार रास्त होती. त्यांना डॉक्टर आणि शिक्षक हवे होते. त्याऐवजी गावाला बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा आणि नगरपालिकेची इमारत रिकामी करावी लागली. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर माइक डिवाइन, जे त्याच गावात जन्मले, त्यांना शाळांवर राज्याचे पोलीस पाठवावे लागले आणि त्या गोष्टीला पुरावा नाही, हे स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध सांगावे लागले.

त्या आठवड्यात मी तिथल्या एका हैतीयन खाणावळीत गेलो होतो. लाल घेवडा घातलेला भात, तळलेली केळी आणि कोबीचे झणझणीत लोणचे असे ताट असते. मालकीणबाईंनी दाराला आतून कडी घातली होती. प्रत्येक गिऱ्हाईक काचेतून पाहून मगच त्या दार उघडत होत्या. माझ्यासमोर एक गोरे वयस्कर जोडपे आले, त्यांना पाहून त्या क्षणभर थांबल्या. ते दोघे केवळ पाठिंबा म्हणून जेवायला आले होते आणि तसे त्यांनी काचेबाहेरूनच हातवारे करून सांगितले.

वर्ध्याचा वाचक

या चर्चेत डॉ. पांडुरंग खानखोजे यांची आठवण व्हायला हवी. वर्ध्याचा हा मुलगा अमेरिकेत शेतकी शिकला, गदर चळवळीच्या पहिल्या फळीत होता आणि महायुद्धानंतर ब्रिटिश सरकार मागावर असताना त्याला मायदेशीही येता येईना. १९२४ मध्ये, म्हणजे अमेरिकेने आशियाई लोकांना दार पुरते बंद केले त्याच वर्षी, ते मेक्सिकोला पोहोचले. मेक्सिकोने त्यांना आसरा दिला आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक केले. मक्याच्या वाणांवर त्यांनी तिथे मोठे काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, आणि चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटप करणाऱ्या जागी बसवले. जून २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर करताना ट्रम्प यांनी ज्या देशाच्या लोकांना गुन्हेगार आणि बलात्कारी म्हटले, त्याच देशाने आमच्या गावच्या निर्वासिताला तो कुठून आला हे न विचारता उभे केले. 'आपला देश त्या यादीत नाही' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवावे.

कोथरूडचा अभ्यासक

मला आपल्या घराकडे बोट दाखवायचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये राजस्थानातील सभेत अमित शहा यांनी बांगलादेशी घुसखोरांना वाळवीची उपमा दिली आणि ढाक्यातील मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. महाराष्ट्रात तर परदेशी माणूसही लागला नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्य लोकांच्या विरोधात मोहीम चालली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी योग्य होती आणि आजही आहे. पण भाषा जेव्हा 'या मुलांना जागा किती द्यायच्या' इथून 'ही माणसे कसली' इथे गेली, तेव्हा मार परीक्षा देणाऱ्या पोरांना बसला, भरतीचे नियम करणाऱ्यांना बसला नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांना नावे ठेवताना आपण हे विसरू नये.

सरळमार्गी

कोथरूडच्या अभ्यासकांचा मुद्दा प्रामाणिक आहे. तरी एक फरक नोंदवतो, 'घुसखोर' हा कायदा मोडणाऱ्यांचा वर्ग आहे, तो देश नाही.

माझा दुसरा आक्षेप असा, की गोड बोलून कठोर वागणाऱ्यांना आपण सूट देतो. ओबामांच्या काळात २०१२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४ लाख लोक हद्दपार झाले, तेव्हा त्यांच्याच समर्थक संघटनांना त्यांच्यावर टीका करावी लागली. मे २०२४ मध्ये जो बायडेन यांनी भारत आणि जपान यांना चीन व रशियाच्या रांगेत बसवून, हे देश परक्यांचा द्वेष करतात म्हणून मागे राहतात, असे म्हटले. मित्रदेशांविषयी असे बोलणे अपमानास्पद नव्हते काय? परराष्ट्रमंत्री जयशंकर यांना त्याला उत्तर द्यावे लागले. याच बायडेन यांनी ऑक्टोबर २०२० च्या वादसभेत ट्रम्प यांनी भारताची हवा घाणेरडी म्हटल्यावर, मित्रांविषयी असे बोलत नसतात, असे सुनावले होते.

राजधानीतून

राजनैतिक परिणामांवर थोडेसे. २०१८ च्या त्या शब्दानंतर बोट्स्वानाने अमेरिकेच्या राजदूतांना बोलावून, आमचाही देश त्यात धरला आहे काय, अशी विचारणा केली. संयुक्त राष्ट्रांतील आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र येऊन माफीची मागणी केली. घानाचे तेव्हाचे अध्यक्ष अकुफो-आडो यांनी, मित्रराष्ट्राचा नेता कितीही बलाढ्य असला तरी असा अपमान सहन करणार नाही, असे सांगितले. बोट्स्वाना हा स्थिर लोकशाही असलेला आणि हिऱ्यांच्या उत्पन्नातून शाळा-रस्ते उभारलेला देश आहे. त्याला हा प्रश्न विचारावा लागला, यातच 'आफ्रिका' हा शब्द सरसकट वापरण्यातील अज्ञान दिसते.

पैलतीर

सरळमार्गी, बायडेन यांचे विधान चुकीचे होते, आणि गोड बोलून केलेली हद्दपारी ही हद्दपारीच असते, हेही मान्य. २०१२ चे आकडे मी विसरलेले नाही. 'घुसखोर' हा वर्ग आहे, हेही खरे. पण वाळवीची उपमा दिल्यावर कोणाचे कागद तपासायचे हे चेहऱ्यावरून आणि बोलीवरून ठरू लागते. मग आपल्याच बंगालच्या मजुराला स्वतःचे नागरिकत्व सिद्ध करत बसावे लागते.

फरक असा, की २०१८ मध्ये तो शब्द नुसता बोलला गेला होता आणि आता तो आदेशांत उतरला आहे. जून २०२५ मध्ये बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली, त्यांत हैती आणि सोमालिया आहेत आणि आफ्रिकेतील देशांचा भरणा आहे. ऑक्टोबरअखेरीस निर्वासितांची वार्षिक मर्यादा ७,५०० वर आणली गेली, जी याआधी कधीही इतकी खाली गेली नव्हती, आणि त्यांतील बहुतेक जागा दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या आफ्रिकानर लोकांसाठी ठेवल्या. नोव्हेंबरमध्ये साऱ्या 'तिसऱ्या जगा'तून येणारे स्थलांतर कायमचे थांबवण्याची घोषणा अध्यक्षांनी केली. 'तिसरे जग' म्हणताना आपण त्यात आहोत की नाही, हे कोणी आपल्याला विचारायला येणार नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात हातापायांत बेड्या घातलेले १०४ भारतीय होते, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. सप्टेंबरमध्ये कुशल परदेशी नोकरदारांच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले, तेव्हा ते कोणाच्या माथी बसणार, हे सर्वांना ठाऊक होते.

आता तुमच्या रांगेविषयी, कारण मला वाटते की आपल्या दोघांचा वाद इथे येऊन मिटू शकतो. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डे वर्षाला १ लाख ४० हजार असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. १९६५ च्या कायद्याने देशांना सारखे माप लावायचे म्हणून अशी देशनिहाय कमाल मर्यादा ठेवली. आइसलँडला आणि भारताला एकच मर्यादा. हेतू समतेचा होता, पण त्यामुळे आज दहा लाखांहून अधिक भारतीय, कुटुंबीयांसह, त्या रांगेत अडकले आहेत. तुमच्या शेजारच्या मेजावर तेच काम करणारा, तेवढाच शिकलेला नॉर्वेचा माणूस तुमच्या कितीतरी आधी मोकळा होतो. तुम्ही तेरा वर्षे उभे आहात ते रांग मोडून आलेल्यांमुळे नव्हे. त्यांना त्या १ लाख ४० हजारांतले एकही कार्ड मिळत नाही. तुम्ही उभे आहात कारण तुमचा जन्म भारतात झाला. अमेरिकेच्या कायद्यात जन्मदेश पाहण्याची जी खूण उरली आहे, तिचा सर्वांत मोठा भार तुमच्यावर आणि तुमच्या मुलीवर पडला आहे.

ही मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचे स्वतःचे रूप एकमताने मंजूर केले. दोन्ही मसुदे जुळवण्याआधी त्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, मुदत संपली. एकविसाव्या वर्षी नाव गळणाऱ्या मुलांसाठी डेमोक्रॅट ॲलेक्स पडिया आणि रिपब्लिकन रँड पॉल यांनी मिळून वेगळे विधेयक आणले होते, ते अजून मार्गी लागलेले नाही.

मी आता इथली नागरिक आणि मतदार आहे, म्हणून माझ्या प्रतिनिधींना या दोन्ही विधेयकांसाठी पत्र लिहिते आहे आणि त्याच पत्रात हैतीच्या लोकांचे संरक्षण काढू नये, असेही लिहिते आहे. मसुदा उद्या याच धाग्यात लावते. सरळमार्गी, मुलीचे वय, इयत्ता आणि ती इथे कोणत्या वर्षी आली एवढेच, नावाशिवाय, मला कळवावे. उदाहरण म्हणून ते पत्रात घालता येईल.

सरळमार्गी

कळवतो. हैतीच्या परिच्छेदाबद्दल माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, परंतु त्यावरून पत्र अडवणार नाही. डॅलसमध्ये आमच्या मंडळात नागरिक झालेले बरेच जण आहेत. मसुदा मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही भाषांत मिळाला तर रविवारच्या बैठकीत मी तो त्यांच्यापुढे ठेवीन.